साडेचार सूत

अमेरिकेला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नायगारा कसा वाटला?" नायगारा आम्ही पाहिला नाही. मुलगी डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहते, तिथून तो काही फार लांब नव्हता आणि हिची जायची इच्छाही होती. पण सव्वा महिन्याच्या मुक्कामातले पाच दिवस मी माझ्यासाठी मागून घेतले आणि ते जुन्या गाड्या बघण्यात घालवले. त्याबद्दल अजून बोलणी खातो आहे.

जुन्या गाड्या म्हणजे लांबलचक अमेरिकन गाड्या. कॅडिलॅक, बुइक, लिंकन, पॅकार्ड. आमच्या सात पिढ्यांत कुणाकडं असली गाडी नव्हती, पण माझं लहानपण त्यांच्या बॉनेटखाली गेलं. माझे वडील, अण्णा, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्लीतल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्री होते. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि पुढं वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज-प्लायमाऊथ निघाल्या, त्यामुळं मुंबईत या गाड्यांना तोटा नव्हता. नंतर आयात आवळली गेली. नवी गाडी येईना, जुनी कुणी सोडेना. पार्ट मिळत नसत, ते लेथवर करून घ्यायचे. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी त्या राजेशाही धुडांच्या पोटात डिझेल इंजिनं बसवून घेतली. अण्णांना त्याचा फार राग यायचा. "हत्तीला गाढवाचं काळीज लावतात," म्हणायचे आणि मग मुकाट्यानं तेच काम करायचे.

काम झालं की 'ट्रायल'. रविवार असला तर मला बरोबर नेत. शेटची इम्पाला, मरीन ड्राइव्ह, आणि बसण्याआधी सीटवर 'नवाकाळ'ची पानं पसरायची, कारण अण्णांच्या खाकी पँटला कायम ग्रीस. मला मागं बसवून एकच सूचना : "कशाला हात लावू नकोस." मी आठ वर्षांचा असेन. नरिमन पॉइंटकडून चौपाटीपर्यंत मी हात मांडीखाली दाबून बसायचो.

आता प्रवास.

पहिला दिवस, मंगळवार : ऑबर्न

जावई गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, तेही विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी. त्यानं सुट्टी काढली यातच सगळं आलं. सकाळी सातला निघालो, साडेनऊच्या सुमाराला इंडियाना राज्यातल्या ऑबर्नला. दोन्ही बाजूंना मका, मका आणि मका. ही म्हणाली, "सांगलीला जाताना ऊस दिसतो तसा." गाव एवढंसं, आणि अशा गावात एके काळी अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या गाड्यांच्या कंपनीचं मुख्य ऑफिस होतं.

ऑबर्न, कॉर्ड आणि ड्युसेनबर्ग हे तीन ब्रँड ई. एल. कॉर्ड नावाच्या एका हिकमती माणसाच्या ताब्यात होते. 1930 मध्ये बांधलेल्या त्यांच्या शोरूममध्येच 1974 पासून हे म्युझियम आहे. त्यामुळं गाड्या आणून मांडल्यासारख्या वाटत नाहीत, विकायला ठेवल्यासारख्या वाटतात. नक्षीदार फरशी, छतापासून लोंबणारी झुंबरं, आणि खाली ओळीनं उभ्या गाड्या. मी दारातच चपला काढायला वाकलो होतो, हे मुलगी आता सगळ्यांना रंगवून सांगते.

1936 च्या कॉर्डसमोर मी बराच वेळ उभा होतो. तिला समोरून दिवेच नाहीत. ते मडगार्डात लपवलेले असतात. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडलं आहेत, एक फिरवलं की एक डोळा उघडतो, दुसरं फिरवलं की दुसरा. म्हणजे ड्रायव्हर एकटा असेल तर उजवीकडच्या हँडलसाठी त्यानं अख्खी सीट ओलांडायची! दिसायला मात्र अशी की आजही रस्त्यावर आली तर लोक वळून बघतील.

आणि मग ड्युसेनबर्ग. 1928 च्या डिसेंबरात मॉडेल जे बाजारात आलं तेव्हा इंजिनाची ताकद सांगितली होती 265 हॉर्सपॉवर. त्याच काळातल्या फोर्डच्या मॉडेल एची होती 40. नुसता सांगाडा, म्हणजे चॅसी आणि इंजिन, साडेआठ हजार डॉलरला मिळे. बॉडी तुम्ही तुमच्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. डॅशबोर्डवर ऑईल बदलायची आणि बॅटरीत पाणी घालायची आठवण करून देणारे दिवे होते. जावई म्हणाला, "आम्ही हे नोटिफिकेशन म्हणून विकतो." एका वर्षाच्या आत शेअर बाजार कोसळला. मॉडेल जे सगळ्या मिळून पाचशेही झाल्या नाहीत आणि 1937 मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला.

तिथं माहिती सांगणाऱ्या एक स्वयंसेवक बाई होत्या, निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकले. "इंदूरच्या महाराजांची ड्युसेनबर्ग ठाऊक आहे?" यशवंतराव होळकर दुसरे. माणिकबाग बांधणारे. त्यांनी सुपरचार्जर लावलेली ड्युसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली, केशरी आणि काळी. ती गाडी या म्युझियममध्ये नाही, पण बाईंना तिची तपशीलवार माहिती होती. त्या 'होल्कार' म्हणत होत्या. मी म्हटलं, होळकर. ळ. मग पाच मिनिटं इंडियानातल्या त्या आलिशान शोरूममध्ये एक निवृत्त शिक्षिका जीभ टाळ्याला लावून 'ळ' म्हणायचा प्रयत्न करत होत्या आणि आमची ही त्यांना "अशी मागं वळवा" म्हणून करून दाखवत होती. जमलं नाही. पण जाताना त्यांनी हिला मिठी मारली.

जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून इथं मोठा उत्सव भरतो आणि मालक आपापल्या गाड्या घेऊन गावात येतात. गर्दी सोसत असेल तर तेव्हा जा. आमच्यासारख्यांना निवांत बघायचं असेल तर आधी जा. शाकाहारी जेवणाचा शोध घेत बसू नका, धपाटे आणि चटणी बरोबर ठेवा. पार्किंगमधल्या झाडाखाली बसून आम्ही तेच खाल्लं.

दुसरा दिवस, बुधवार : हिकरी कॉर्नर्स

रात्री कलामझूजवळ मुक्काम केला होता. हॉटेल बरं होतं, एवढंच.

हिकरी कॉर्नर्सचं गिलमोर म्युझियम हे म्युझियम कमी आणि गाव जास्त. नव्वद एकरांचं आवार, त्यात लाकडी कोठारं, एक जुनं रेल्वे स्टेशन, पेट्रोल पंप आणि अधूनमधून एकेका ब्रँडची स्वतंत्र इमारत. चारशेच्या आसपास गाड्या. एका दिवसात होत नाही. आम्ही पाच तास चाललो, शेवटी ही एका बाकावर बसली आणि "तुमचे पंख बघून झाले की सांगा" म्हणाली.

पंख, म्हणजे गाडीचे. कॅडिलॅकची इमारत 1948 च्या विक्री-दालनासारखी बांधली आहे, आणि ते साल उगाच निवडलेलं नाही. जनरल मोटर्सचे डिझाईन प्रमुख हार्ली अर्ल यांना युद्धकाळात लॉकहीडचं पी-38 हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान दाखवण्यात आलं होतं. ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. 1948 च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांना दोन छोटे उंचवटे आले, लाजत लाजत आल्यासारखे. मग क्रायस्लरनं वाढवले, म्हणून कॅडिलॅकनं वाढवले, आणि 1959 साली हे प्रकरण कळसाला पोचलं. त्या वर्षीच्या कॅडिलॅकची लांबी 225 इंच, म्हणजे पावणेसहा मीटरला थोडी कमी. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत माझी वॅगनआर उभी असते, तशा दीड बसतील. पंखाच्या मधोमध बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन-दोन लाल दिवे.

लोक हिचे फोटो काढतात, कॅलेंडरवर हीच असते. खरं सांगू? जवळून पाहिल्यावर मला ती आवडली नाही. लग्नात सगळे दागिने एकदम घातलेल्या बाईसारखी वाटली. मला आवडली शेजारची 1930 ची सोळा सिलेंडरची. बॉनेट उघडून ठेवलं होतं. एवढं मोठं इंजिन, पण वायरी, नळ्या सगळं झाकून असं स्वच्छ ठेवलेलं की देवघर वाटावं. अण्णा असते तर तासभर हलले नसते.

त्याच दालनात 1912 च्या मॉडेलविषयी लिहिलं होतं. हँडल न मारता विजेच्या मोटरनं गाडी सुरू करायची सोय, चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेली, सर्वप्रथम कॅडिलॅकनं सरसकट दिली. आपण मराठीत अजून 'सेल्फ मारतो', तो सेल्फ हा.

खरा धक्का मात्र गाडीनं दिला नाही, एका माणसानं दिला. दालनात एक स्वयंसेवक होते, लान्सिंगच्या ओल्ड्समोबिल कारखान्यातून निवृत्त झालेले. पंजे असे की हस्तांदोलन करताना माझा हात दिसेनासा झाला. मी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं की लहानपणी मी शेव्हरले इम्पालात बसलोय, आमच्याकडं ती फक्त कोट्यधीश आणि सिनेनटांकडं असायची. ते हसले. "इम्पाला? माझे वडील लाईनवर कामाला होते. दर तीन-चार वर्षांनी नवी इम्पाला घ्यायचे."

मग त्यांनी शिडी समजावली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी 1920 च्या दशकात ब्रँडच्या पायऱ्याच लावून ठेवल्या होत्या. सर्वांत खाली शेव्हरले, मग पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, बुइक आणि वर कॅडिलॅक. पगार वाढला की माणूस एक पायरी चढणार. फोरमन झाला की ओल्ड्समोबिल, डॉक्टर असेल तर बुइक, डॉक्टरचा दवाखाना फार चालला तर कॅडिलॅक. इम्पाला ही तळातल्या पायरीची गाडी, थोडी सजवलेली. 1965 या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांवर इम्पाला खपल्या.

दहा लाख! आणि आम्ही गिरगावात ती आली की गल्लीच्या तोंडाशी पळायचो.

मुंबईत पोचता पोचता ही शिडीच कुठंतरी मोडली होती. आमच्यासाठी सगळ्याच 'फॉरेनच्या'. बुइक काय, प्लायमाऊथ काय, एकच जात. मी हे सांगितल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडं उलटं होतं. शेजारी काय घेतो यावर तो किती कमावतो हे कळायचं." ओल्ड्समोबिल 2004 साली बंद पडली. ते सांगताना त्यांनी सहज समोरच्या गाडीचा क्रोम आपल्या बाहीनं पुसला. बाहीला आधीच डाग होते.

आवारातच 1941 चं एक डायनर आहे, रेल्वेच्या डब्यासारखं, मूळ दुसरीकडचं उचलून आणून बसवलेलं. तिथं ग्रिल्ड चीज सँडविच आणि चेरीचा पाय मिळाला. मिशिगनची चेरी खाल्ल्याशिवाय येऊ नये. संध्याकाळ होऊ लागली तशा आसपासच्या गावांतल्या लोकांच्या जुन्या गाड्या आवारात यायला लागल्या. उन्हाळ्यात बुधवारी हे चालतं, तेव्हा जमलं तर बुधवारच गाठा. डास मात्र आपल्याकडच्यांना लाजवतील असे.

तिसरा दिवस, गुरुवार : डिअरबॉर्न

हेन्री फोर्ड म्युझियममध्ये रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाई गोऱ्या प्रवाशासाठी उठायला नकार देऊन बसल्या होत्या ती बस आहे, आणि त्या सीटवर बसू देतात. ही तिथं बसली, आणि नंतर बराच वेळ काही बोलली नाही.

मला बघायची होती ती केनेडींची लिंकन. 1961 ची काळी, लांब. डॅलसला गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा केनेडी याच गाडीत होते. मला वाटत होतं की त्या दिवसानंतर ती कुलुपात ठेवली असेल. तसं झालं नाही. तिला चिलखती पत्रे लावले, पक्कं छत बसवलं, आणि ती 1977 पर्यंत पुढच्या अध्यक्षांच्या सेवेत राहिली. मी हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, एवढी महागाची वस्तू टाकून देतील?" मध्यमवर्गीय हिशोब सगळीकडं सारखाच.

त्या मॉडेलबद्दल मात्र दोन शब्द. एल्वुड एंगल यांनी काढलेली ही लिंकन म्हणजे 1959 च्या कॅडिलॅकला दिलेलं शांत उत्तर आहे. पंख नाहीत, क्रोमची नक्षी नाही, बाजू अगदी सपाट, वरच्या कडेला एक रेघ. मागची दारं उलट उघडणारी. लांबीला फूटभर कमी, वजनाला तेवढीच जड, पण आवाज न चढवता बोलणारी.

म्युझियमची जमीन लाकडाची आणि अंतर अफाट. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर घ्या, संकोच करू नका. शेजारचं ग्रीनफिल्ड व्हिलेज आणि फोर्डच्या रूज कारखान्याची सफर यांची तिकिटं वेगळी. एका दिवसात एकच करा. जेवायला बाहेर पडा. डिअरबॉर्नमध्ये अरब वस्ती फार मोठी आहे, लेबनीज हॉटेलांत गरम रोटी, हमस, फलाफल आणि मसुराचं सूप मिळतं. शाकाहारी माणसाचं पाच दिवसांतलं सर्वांत चांगलं जेवण इथं झालं. वाढणाऱ्या मुलानं लसणाची पांढरी चटणी तीनदा आणून दिली, मागितली नसताना.

चौथा दिवस, शुक्रवार : डेट्रॉईट शहर

डेट्रॉईटबद्दल आधी इतकं वाईट ऐकलं होतं की मुलगी म्हणाली, "बाबा, गळ्यातली चेन काढून ठेवा." मी चेन घालत नाही. शहराचा मधला भाग आता चांगला सावरलाय, नदीकाठ तर झकास आहे. नदीच्या दक्षिणेला कॅनडा, हे डोक्यात बसायला मला अर्धा तास लागला.

फोर्डचा पिकेट अव्हेन्यूवरचा कारखाना 1904 चा. तीन मजली, विटांचा, अरुंद आणि लांब, खिडक्याच खिडक्या. मी आत शिरलो आणि थबकलो. ही तर गिरणी! लालबागच्या रस्त्यावरून दिसायची तशीच. पाटीवर वाचलं तर खरंच, त्या काळच्या, अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या कापड गिरण्यांच्या धर्तीवर बांधला होता. लाकडी फरशीवर शंभर वर्षांपूर्वीच्या तेलाचे डाग अजून आहेत. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात एक बंदिस्त खोली आहे, तिथं मॉडेल टी जन्माला आली, 1908 साली. पहिल्या बारा हजार टी इथल्याच. इथं मार्गदर्शक बरोबर घ्या, एकट्यानं फिरलात तर निम्मं हुकेल.

मग पॅकार्ड. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचा पॅकार्डचा कारखाना म्हणजे जुन्या गाड्यांच्या वेड्यांचं तीर्थक्षेत्र. वास्तुकार आल्बर्ट कान यांनी बांधलेला, त्यातली 1905 ची इमारत डेट्रॉईटमध्ये काँक्रीट-लोखंडाच्या कारखान्यांची सुरुवात मानली जाते. या कंपनीची जाहिरात एका वाक्याची होती : ज्याच्याकडं आहे त्याला विचारा. गाडीत एअर कंडिशनर देणारी पहिली कंपनी हीच, 1940 च्या मॉडेलमध्ये. युद्धात यांनी रोल्स-रॉईसची मर्लिन विमान-इंजिनं हजारोंनी बनवली. आणि 1956 मध्ये डेट्रॉईटमधलं पॅकार्डचं उत्पादन बंद. नंतर कित्येक दशकं ते अवशेष उभे होते, रस्त्यावरचा पूल 2019 च्या जानेवारीत कोसळला, 2022 मध्ये पाडकाम सुरू झालं.

आम्ही गेलो तेव्हा बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. कुंपण, मोकळी जमीन, गवत. जावयानं गाडी हळू केली, मी काच खाली केली. तेवढंच. लालबागला गिरण्यांच्या जागी निदान काचेचे टॉवर तरी आले, हे चांगलं की वाईट यावर आमचं परतीच्या वाटेत थोडं भांडण झालं.

संध्याकाळी वादळी पाऊस. इथं पाऊस येण्याआधी फोन किंचाळतो. आम्ही एका पिझ्झाच्या दुकानात अडकलो, आणि बरंच झालं. डेट्रॉईटचा पिझ्झा गोल नसतो, चौकोनी असतो, जाडजूड, कडेला चीज जळून कुरकुरीत झालेलं. दुकानदार म्हणाला की याचे पहिले ट्रे गाड्यांच्या कारखान्यातले होते, सुटे भाग ठेवायचे लोखंडी. या गावात पिझ्झाही असेंब्ली लाईनवरून आलाय.

पाचवा दिवस, शनिवार : वुडवर्ड अव्हेन्यू

सगळा बेत या दिवसासाठी होता. ऑगस्टचा तिसरा शनिवार म्हणजे वुडवर्ड ड्रीम क्रूझ. 1995 मध्ये फर्नडेल गावातल्या मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला कुणीतरी ही कल्पना काढली. आता फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत सोळा मैल जुन्या गाड्या रांगेनं संथ फिरत असतात आणि दोन्ही कडेला लोक घरच्या खुर्च्या टाकून बसतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, तिकीट नाही. नुसतं जायचं, वळायचं, परत यायचं. आपल्याकडं विसर्जनाच्या दिवशी गिरगावात माणूस काही कारण नसताना चौपाटीपर्यंत जाऊन येतो, तसंच. याच वुडवर्डच्या एका मैलावर 1909 मध्ये सिमेंट काँक्रीटचा रस्ता झाला होता, त्याची आठवणही पाटी लावून जपलीय.

सूचना : सकाळी आठच्या आत पोचा. गाडी आतल्या वस्तीत लावा, पण पाटी वाचून. खुर्ची, टोपी, पाणी आणि कानात घालायला कापूस. गर्दी नको असेल तर आदल्या दोन संध्याकाळी जा, गाड्या बहुतेक त्याच असतात. धुराचा वास दिवसभर केसांत राहतो. त्या काळच्या गाड्यांना धूर शुद्ध करायची काही सोय नव्हती, हे वाचलं होतं. इथं ते नाकानं कळलं.

दुपारी दीडला ऊन भाजत होतं. आमच्या समोरच एक निळी बुइक इलेक्ट्रा 225 धापा टाकत बाजूला आली आणि बंद पडली. या गाडीच्या नावातला 225 आकडा इंजिनाचा नाही. 1959 मध्ये पहिली निघाली तेव्हा तिची लांबी तेवढे इंच होती, आणि त्याचीच जाहिरात! ही 1964 ची होती. चालवणारे आजोबा ऐंशीच्या घरातले, बरोबर चौदा-पंधरा वर्षांचा नातू. आजोबांनी सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पकडत नाही. पुन्हा मारला. तेच.

मला काय झालंय ते बसल्या जागी कळलं. व्हेपर लॉक. संथ ट्रॅफिकमध्ये इंजिनाच्या उष्णतेनं नळीतलं पेट्रोल उकळतं, वाफ होते आणि पंप नुसता हवा ओढत राहतो. मुंबईत मे महिन्यात हे रोजचं होतं. पेडर रोडच्या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली की अण्णा बसमधून सांगायचे, "ओलं फडकं ठेव म्हणावं." मी उठलो. ही म्हणाली, "अहो, बसा गप्प, परका देश आहे." तोवर मी बर्फाच्या डब्यात नॅपकीन बुडवून पिळला होता.

"फ्युएल पंप," मी म्हटलं आणि फडकं पुढं केलं.

आजोबांनी माझ्याकडं पाहिलं, फडक्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता बॉनेट उचललं. तिथं जावई माझ्या खांद्यावरून डोकावत होता. विजेच्या गाड्यांत आयुष्य काढलेल्या त्या पोराला पंप कुठला ते मी दाखवलं. पंपावर फडकं, नळीवर बर्फ, दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. त्या दहा मिनिटांत कळलं की आजोबा फ्लिंटच्या बुइक कारखान्यात एकतीस वर्षं होते. ही गाडी त्यांनी बनवली असेल-नसेल, पण कारखान्यात असताना त्यांना ती परवडली नव्हती. निवृत्त झाल्यावर एका विधवा बाईंच्या गोठ्यातून उचलली.

बॉनेट उघडंच होतं म्हणून त्यांनी फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून पाहिला. सैल होता. मान न वळवता त्यांनी नातवाकडं हात पसरला. "नाईन-सिक्स्टीन्थ."

नातू पेटीत शोधू लागला. माझा हात आपोआप पेटीत गेला.

अण्णा मापं सुतात सांगायचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अमेरिकन गाडी इंचात, फियाट मिलिमीटरमध्ये, म्हणून गॅरेजच्या भिंतीवर पान्यांच्या दोन वेगळ्या रांगा असत आणि त्या मिसळल्या की शिवी ठरलेली. बेल्ट ताणताना असाच मागं हात यायचा, मान न वळवता : "साडेचार सूत दे." नऊ भागिले सोळा. साडेचार भागिले आठ. मला वाचता यायच्या आधी तो पाना नुसत्या जाडीवरून ओळखता यायचा, आणि अजूनही आला.

पाना हातात ठेवला तसा आजोबांनी एकदा मागं वळून पाहिलं. नट आवळून झाला. सेल्फ मारला. इंजिन एकदम लागलं आणि मग आवाजच नाहीसा झाला, नुसती एक गुरगुर पायांखालून. आजूबाजूच्या खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या.

"चला," आजोबा म्हणाले, "एक चक्कर मारून बघू, धरते का." म्हणजे ट्रायल. नातू मागं गेला. मला पुढं, सोफ्यासारख्या त्या सलग सीटवर बोलावलं. पांढरी सीट, डाग नाही. मी दार उघडून तसाच उभा राहिलो, हातांना ग्रीस, आणि मला कळेना की मी काय शोधतोय.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पेपर आहे का एखादा?"

त्यांना वाटलं मला वाचायचाय. नातवानं मागून क्रूझची माहितीपत्रिका दिली. ती पसरून बसलो. पाऊण तासात एक मैलही गेलो नसू, कारण ट्रॅफिक मुंगीच्या गतीचा होता. हात मांडीखालीच होते. परत आलो तेव्हा ही खुर्च्या घड्या करून उभी होती आणि तिचा पहिला प्रश्न होता, "आता तरी नायगारा?"